केनेबाची वही : हिवतापाच्या प्रतिकारशक्तीचा शोध

देवी किंवा गोवर यांसारख्या रोगाचा एक हल्ला पचवलेला माणूस सहसा आयुष्यभर त्या रोगातून सुटतो, आणि प्रतिकारशक्ती या कल्पनेला आधुनिक वैद्यकात जो अर्थ आला तो मुख्यतः याच अनुभवातून आला. हिवतापाची गोष्ट मुळातच वेगळी आहे. अ‍ॅनोफिलीस जातीच्या डासाची मादी चावताना माणसाच्या रक्तात सोडते तो प्लास्मोडियम हा एकपेशीय परजीवी, म्हणजे दुसऱ्या जिवाच्या शरीरावर जगणारा सूक्ष्म जीव, आणि त्याच्याविरुद्धचे संरक्षण एका तापाने मिळत नाही. ते वर्षानुवर्षांच्या तापांतून थेंबाथेंबाने साठते, प्रौढपणीही पूर्ण होत नाही आणि हिवतापाचा मुलूख सोडून माणूस काही वर्षे दूर राहिला की ओसरू लागते. अशा संरक्षणाला प्रतिकारशक्ती म्हणावे की नुसती सवय, यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बराच वाद झाला. त्या वादाचा निकाल ज्या संशोधनाने लावला, त्याचे केंद्र युरोपातल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठात नसून पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या चिंचोळ्या देशातील केनेबा नावाच्या खेड्यात होते, आणि स्कॉटलंडहून आलेले इअन मॅकग्रेगर हे वैद्य ते तिथे जवळजवळ तीन दशके करत राहिले.

प्रश्न मात्र त्यांच्या आधी अर्धशतक उभा राहिला होता. 1899-1900 मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी जावा बेटावर आणि त्यानंतर जर्मनांच्या ताब्यातील न्यू गिनीमध्ये गावेच्या गावे तपासली, तेव्हा तान्ह्या आणि लहान मुलांच्या रक्तात सर्रास परजीवी सापडत होते, तर त्याच झोपड्यांत राहणाऱ्या मोठ्या माणसांच्या रक्तात ते क्वचितच दिसत होते. डास सगळ्यांनाच चावत असताना हा फरक पडतो, त्या अर्थी वाढत्या वयाबरोबर शरीर काहीतरी कमावते, असा निष्कर्ष कॉख यांनी काढला. त्याच सुमारास स्टीफन्स आणि ख्रिस्तोफर्स या इंग्रज संशोधकांना पश्चिम आफ्रिकेत हेच आढळले, पण त्या निरीक्षणाचा पहिला व्यावहारिक उपयोग जो सुचवला गेला तो वैद्यकापेक्षा वसाहतवादाला शोभणारा होता. स्थानिक मुले ही परजीवींची कोठारे असल्यामुळे गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपले बंगले त्यांच्या वस्तीपासून दूर बांधावेत, अशी ती शिफारस होती. मुलांना बरे करण्याचा विचार त्या शिफारशीत दुय्यमसुद्धा नव्हता.

सॅम्युएल रिकर्ड ख्रिस्तोफर्स पुढे हिंदुस्थानात आले आणि कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेचे संचालक झाले. हिंदुस्थानात हिवताप मोजण्याची एक जुनी रीत आधीपासून होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उत्तरेकडील कालव्यांच्या मुलखात डेम्पस्टर या डॉक्टराने गावोगावच्या मुलांची पोटे चाचपून पानथरी, म्हणजे वारंवारच्या तापाने वाढलेली प्लीहा, किती जणांत हाताला लागते याचे प्रमाण काढले होते. ख्रिस्तोफर्स यांनी या चाचपणीला रक्ततपासणीची जोड दिली. सिंगभूमच्या आदिवासी मुलखातील मुलांच्या रक्तातील परजीवी वयाप्रमाणे मोजून 1924 साली त्यांनी जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात आयुष्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांत परजीवींची संख्या प्रचंड असते, नंतर ती उतरत जाते आणि पुढे माणूस परजीवी अंगात बाळगूनही कामाधामाला लागलेला असतो, असा टप्प्याटप्प्याचा क्रम पहिल्यांदा आकड्यांत मांडला गेला. हा प्रबंध आज फारसा कोणी उघडत नाही, पण पुढच्या आफ्रिकी संशोधनाचा आराखडा त्यात जवळपास तयार आहे.

याच काळात एका विचित्र उपचारपद्धतीने या प्रश्नाला वेगळी बाजू पुरवली. 1917 मध्ये व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ वाग्नर-याउरेग यांनी मेंदूपर्यंत पोहोचलेल्या उपदंशाच्या रोग्यांना मुद्दाम हिवताप द्यायला सुरुवात केली. तीव्र तापाने उपदंशाचे जंतू मरतात, हा त्यामागचा तर्क होता आणि त्यासाठी त्यांना 1927 चे नोबेल पारितोषिकही मिळाले. रोग्याला कोणत्या दिवशी कोणत्या वाणाचा परजीवी टोचला याची चोख नोंद असल्यामुळे, एका वाणाविरुद्ध कमावलेले संरक्षण त्याच प्रजातीच्या दुसऱ्या वाणापुढे तोकडे पडते, हे या नोंदींतून हळूहळू दिसू लागले. मात्र हे रोगी समशीतोष्ण देशांतील प्रौढ होते. जन्मल्यापासून दरवर्षी शेकडो डासांचे दंश सोसणाऱ्या मुलाच्या शरीरात काय घडते, याचे उत्तर दवाखान्यात मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी एखाद्या गावात मुक्काम करणेच भाग होते.

गांबिया नदीच्या दोन्ही काठांवर पट्टीसारखा पसरलेला हा देश तेव्हा ब्रिटिश वसाहत होता. कीटकांमार्फत पसरणाऱ्या रोगांच्या इतिहासात त्याचे नाव आधीच कोरले गेले होते, कारण माणसातील निद्रारोगाचा परजीवी 1901-02 मध्ये इथेच, फोर्ड यांच्या एका रुग्णाच्या रक्तात, डटन यांनी ओळखला आणि आफ्रिकेतील हिवतापाचा सर्वांत समर्थ वाहक डास अ‍ॅनोफिलीस गांबिई याच देशाच्या नावाने शास्त्रात वावरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने फजारा येथे, पूर्वीच्या लष्करी रुग्णालयाच्या जागेत, आपली प्रयोगशाळा मांडली. परिषदेचा पहिला हेतू हिवताप नव्हताच. पोषणशास्त्रज्ञ बी. एस. प्लॅट यांना उष्ण कटिबंधातील खेडुतांच्या आहाराचा अभ्यास करायचा होता, आणि 1949 मध्ये त्यांच्या गटातून गांबियाला पाठवल्या गेलेल्या, तेव्हा सत्तावीस वर्षांच्या मॅकग्रेगर यांच्याकडे शेतकऱ्यांच्या अंगात कोणकोणते परजीवी राहतात ते पाहण्याचे काम आले. त्याआधी त्यांनी सैन्याच्या वैद्यकीय दलात असताना पॅलेस्टाईनमध्ये हिवतापाचे काम केले होते.

केनेबा हे नदीच्या दक्षिणेकडील पश्चिम कियांग भागातले मांडिंका लोकांचे गाव. पुरुष भुईमूग आणि भरड धान्ये पिकवत, बायका दलदलीच्या खाचरांत भात लावत. पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर पडे. त्याच महिन्यांत शेतीची कष्टाची कामे अंगावर येत, कणग्या रिकाम्या होत आणि पावसाच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत हिवतापाचा कहर होई. हे तिन्ही एकाच वेळी कोसळत असल्यामुळे मूल वाळले ते उपासमारीने की तापाने, हे सांगणे अवघड होते आणि प्लॅट यांचा पोषणाचा प्रश्न हिवतापापासून वेगळा काढता येत नाही, हे मॅकग्रेगर यांच्या लवकरच ध्यानात आले. हिवतापाखेरीज हत्तीरोगाच्या जंतांचाही गावात सुकाळ होता. डासांतूनच पसरणाऱ्या या जंतांवर डायइथिलकार्बामझिन हे औषध साऱ्या गावाला देऊन पाहण्याचा प्रयोग 1950 नंतरच्या काही वर्षांत केनेबातच झाला.

मॅकग्रेगर यांनी 1950 पासून केनेबा आणि आसपासच्या खेड्यांची दरवर्षी तपासणी सुरू केली, आणि जन्ममृत्यूची सरकारी नोंद नसलेल्या त्या मुलखात कोण कधी जन्मले, कोणाचे मूल आहे, कधी वारले याची वहीही ठेवायला लावली. तपासणीचे तंत्र साधे होते. मुलाच्या बोटाला सुई टोचून आलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन दाटसर पसरवायचा, वाळला की रंगद्रव्यात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींच्या ठरावीक संख्येमागे किती परजीवी दिसतात ते मोजायचे. दाट थर घेण्याचे कारण असे की त्यात तांबड्या पेशी विरघळून जातात आणि थोड्या जागेत पुष्कळ रक्त नजरेखालून जाते, त्यामुळे मोठ्या माणसांच्या रक्तातले विरळ परजीवीही सुटत नाहीत. पट्टीबरोबर वजन, उंची, पानथरीचा आकार आणि हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्याचे प्रमाण, यांची नोंद होई. यातले काहीही नवे नव्हते. नवेपण होते ते तीच मुले, तेच अंगण आणि तीच पद्धत वर्षामागून वर्षे न बदलण्यात, कारण एकदाच घेतलेल्या तपासणीत पाच वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा ही दोन वेगळी माणसे असतात, तर वहीत ते एकच असते.

या वहीतून जो क्रम दिसला तो ख्रिस्तोफर्स यांच्या आकड्यांशी जुळणारा, पण कितीतरी अधिक बारकाईचा होता. जन्मानंतरचे पहिले काही महिने मुले हिवतापाने क्वचितच गंभीर आजारी पडत, कारण आईच्या रक्तातून वारेतून आलेले संरक्षण त्यांच्या अंगात शिल्लक असे आणि जन्मवेळचे हिमोग्लोबिनही परजीवीला तितकेसे मानवत नसे. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत एकेक पावसाळा हा जिवावरचा खेळ ठरे. पाच वर्षे उलटलेल्या मुलांच्या रक्तात परजीवी असत, पण प्राणघातक ताप कमी येई. किशोरवयात परजीवींची संख्याही उतरे. आणि प्रौढांच्या रक्तात ते तुरळक दिसत. केनेबात त्या वर्षांत जन्मलेल्या मुलांपैकी शंभरात चाळीसहून अधिक मुले सात वर्षांची होण्याआधीच दगावत असत. ती सगळी हिवतापानेच गेली असे मॅकग्रेगर यांनी कधी म्हटले नाही, उलट 1961 च्या गोवराच्या साथीत केनेबातील किती मुले गेली याचा स्वतंत्र अभ्यास त्यांनीच प्रसिद्ध केला. तरीही गावातल्या धडधाकट प्रौढाची प्रतिकारशक्ती म्हणजे जगून निघालेल्यांकडे राहिलेली गोष्ट आहे आणि तिची किंमत न जगलेल्यांनी भरली आहे, हे त्या तक्त्यांत लपण्यासारखे नव्हते.

नेमका हाच मुद्दा 1950 मध्ये कंपाला येथे भरलेल्या आफ्रिकी हिवताप परिषदेत वादाचा झाला होता. डासांवर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी नुकतीच आली होती. पूर्व आफ्रिकेत काम केलेल्या बॅगस्टर विल्सन यांच्यासारख्यांचे म्हणणे असे की जिथे हिवताप बारमाही आणि घनदाट आहे तिथे लोकांनी निसर्गाशी तडजोड केली आहे. फवारणीने ती मोडली आणि पुढे पैसा किंवा औषध आटले, तर प्रतिकारशक्ती गमावलेल्या समाजात प्रौढही मरतील. दुसरा पक्ष म्हणत होता की ही तथाकथित तडजोड मुलांच्या थडग्यांवर उभी आहे आणि ती टिकवण्याचा युक्तिवाद करणे वैद्याला शोभत नाही. परिषदेने अखेर दुसऱ्या पक्षाच्या बाजूने कौल दिला, पण पहिल्या पक्षाची भीती निव्वळ निराधार होती असेही म्हणता येत नाही. ती पारखून पाहण्यासाठी प्रतिकारशक्ती मुळात कशाची बनलेली आहे, हे आधी कळायला हवे होते.

मॅकग्रेगर यांनी त्या दिशेने पहिले पाऊल टाकले ते औषधाच्या साहाय्याने. काही मुलांना लहानपणापासून दर आठवड्याला क्लोरोक्विन देऊन हिवतापापासून दूर ठेवायचे आणि त्याच वयाची बाकीची मुले नेहमीच्या परिस्थितीत वाढू द्यायची, असा तुलनात्मक अभ्यास त्यांनी हर्बर्ट जाइल्स आणि इतर सहकाऱ्यांसह केला व 1956 साली प्रसिद्ध केला. औषध घेणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन चांगले राहिले, हे अपेक्षितच होते. खरी गोम रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळता उरणाऱ्या रक्ताच्या पातळ भागात निघाली. पश्चिम आफ्रिकी लोकांच्या रक्तद्रवात गॅमा ग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनांचे प्रमाण युरोपियांच्या मानाने फार जास्त असते, हे ठाऊक होते आणि ते वंशाचे लक्षण असावे असे पुष्कळांना वाटत होते. औषधाने हिवताप थोपवलेल्या मुलांत ते प्रमाण तितके चढलेच नाही. म्हणजे ती वाढ वंशाची नव्हती, हिवतापाने निर्माण केलेली होती. आणि रोगजंतूंना ओळखून चिकटणारे प्रतिपिंड याच गटातील प्रथिने असल्यामुळे, प्रौढांना वाचवणारी गोष्ट त्यांच्या रक्तद्रवातच तरंगत असावी, असा तर्क करणे शक्य झाले.

हा तर्क पडताळण्यासाठी लंडनचे प्रतिकारशास्त्रज्ञ सिडनी कोहेन आणि सहकारी कॅरिंग्टन यांना हाताशी घेऊन मॅकग्रेगर यांनी जो प्रयोग केला आणि 1961 मध्ये नेचर या नियतकालिकात छापला, त्याची मांडणी इतकी स्वच्छ आहे की आजही प्रतिकारशास्त्राच्या वर्गात तो शिकवला जातो. गांबियातील प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन वेगळे काढून शुद्ध केले गेले आणि रक्तात परजीवींची गर्दी झालेल्या मोजक्या लहान मुलांना ते तीन दिवस टोचण्यात आले. चौथ्या दिवसाच्या सुमारास त्यांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने उतरले, तापही गेला. तुलनेसाठी काही मुलांना ब्रिटनमधल्या लोकांच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन, तर काहींना गांबियन रक्तद्रवाचा गॅमा ग्लोब्युलिन काढून घेतलेला भाग दिला होता. त्यांच्यात असा उतार पडला नाही. संरक्षण रक्तद्रवाच्या कोणत्या अंशात आहे आणि ते कोणाच्या रक्तात आहे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच तक्त्यात मिळाले.

त्याहून महत्त्वाचे निरीक्षण पहिल्या दोन दिवसांचे होते, कारण त्या काळात परजीवी कमी झालेच नाहीत. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी तांबड्या पेशीत शिरून साधारण 48 तासांत वाढतो, विभागतो आणि पेशी फोडून मेरोझॉइट नावाची पिल्ले बाहेर सोडतो, जी काही क्षणांतच नव्या पेशीत घुसतात. आत बसलेल्या परजीवींवर प्रतिपिंडांचा काही परिणाम झाला नव्हता. ते निर्धास्तपणे वाढले, पण पेशी फुटल्यानंतरच्या पुढल्या पिढीची संख्या मात्र कोसळली. यावरून प्रतिपिंड मेरोझॉइट बाहेर पडतात त्या निसटत्या घटकेला त्यांना गाठतात, असे अनुमान निघाले. डासाकडे जाणारे लैंगिक रूप, गॅमेटोसाइट, तर या उपचारानंतरही रक्तात टिकून होते. म्हणजे प्रतिकारशक्ती असलेला प्रौढ स्वतः सुरक्षित असूनही डासांना परजीवी पुरवत राहू शकतो, ही रोगनियंत्रणाच्या दृष्टीने नकोशी बाब त्याच प्रयोगातून पुढे आली.

यानंतर दोन वर्षांत तीच गोष्ट दोन बाजूंनी पक्की झाली. जाइल्स आणि त्यांच्या नायजेरियन सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या नाळेतील रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिनही हेच काम करते, हे दाखवले, त्यामुळे तान्ह्या बाळांच्या सुरुवातीच्या सुरक्षिततेचा उलगडा झाला. मॅकग्रेगर आणि कोहेन यांनी पश्चिम आफ्रिकी प्रौढांचे प्रतिपिंड घेऊन टांगानिका गाठले आणि पूर्व आफ्रिकेतील मुलांवरही त्यांचा गुण येतो, असे त्यांना आढळले. वाणागणिक संरक्षण वेगळे, ही उपदंशाच्या रोग्यांवरून घट्ट झालेली समजूत त्यामुळे पूर्ण खोटी ठरली नाही, पण पुष्कळ वाणांशी झुंजलेल्या प्रौढाच्या रक्तात महाद्वीपाच्या दुसऱ्या टोकालाही उपयोगी पडणारे काहीतरी असते, हे मान्य करावे लागले. 1991 मध्ये थायलंडमधील रोग्यांना आफ्रिकी प्रौढांचे प्रतिपिंड देऊन हाच प्रयोग पुन्हा झाला आणि परजीवी तिथेही उतरले.

क्लोरोक्विन उपलब्ध असताना आजारी मुलांना प्रथिनांची टोचणी देऊन वाट पाहणे, हे आजच्या कोणत्याही नीतिसमितीपुढे सहजासहजी मंजूर होण्यासारखे नाही, आणि 1965 मध्ये स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच्या वसाहतीत संशोधक व गावकरी यांच्या हातांतली सत्ता समान नव्हती, हे या प्रयोगाचे कौतुक करताना नजरेआड करू नये. गांबियात वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेविषयी ‘हे लोक रक्त नेतात’ ही भावना दीर्घकाळ टिकली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मानववंशशास्त्रज्ञांनी तिचा स्वतंत्र अभ्यासही केला. लोकांच्या लेखी रक्त ही देवघेवीची वस्तू होती आणि बदल्यात मिळणारा औषधोपचार हा तिचा मोबदला. त्या हिशेबात गावकऱ्यांच्या पदरात काय पडले, याचे उत्तर वर्षागणिक बदलते. 1974 मध्ये केंब्रिजच्या डन पोषण विभागाने केनेबात कायमचे केंद्र आणि दवाखाना थाटला, तेव्हापासून बालमृत्यू वेगाने खाली आले. त्याआधीच्या पाव शतकाविषयी तसे म्हणता येत नाही.

संरक्षण मिळवायला इतकी वर्षे का लागतात, हा प्रश्न 1961 च्या यशानंतरही उरला होता. मॅकग्रेगर आणि आर. जे. एम. विल्सन यांनी गांबियन रुग्णांच्या रक्तातील परजीवीचे प्रतिजन, म्हणजे ज्यांना ओळखून शरीर प्रतिपिंड बनवते ती द्रव्ये, उष्णतेला ती किती टिकतात यावरून गटांत विभागली आणि 1969 साली दाखवले की त्यांपैकी उष्णतेला दाद न देणाऱ्या गटातली द्रव्ये रोग्यागणिक वेगळी निघतात. एका गावाच्या एका पावसाळ्यातसुद्धा परजीवींचे अनेक मुखवटे वावरत असतात, आणि मुलाला त्यांची ओळख एकेक करून पटवून घ्यावी लागते. याच्या काही वर्षे आधी ब्राऊन आडनावाच्या दोन संशोधकांनी माकडांच्या हिवतापात एकच परजीवी आपली बाह्य ओळख बदलत राहतो, असे दाखवले होते. या सोंगाढोंगाची यंत्रणा 1995 मध्ये जनुकांच्या पातळीवर उलगडली, तेव्हा फाल्सिपेरमकडे अशा वेषांतरासाठी सुमारे साठ जनुकांचा संच असून एका वेळी तो त्यांतील एकच वापरतो, हे स्पष्ट झाले.

या कथेतील सर्वांत चकवणारा भाग पहिलटकरणींचा आहे. लहानपणापासून हिवताप पचवलेली, तरुण वयात परजीवींना सहज आवरणारी बाई पहिल्यांदा गरोदर राहिली की पुन्हा हिवतापाला बळी पडते, हे दाईपासून डॉक्टरपर्यंत सर्वांच्या पाहण्यात होते. मॅकग्रेगर यांनी सहा हजारांहून अधिक बाळंतपणांतील वारा तपासून 1983 मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सुमारे पाचांत एक वार बाधित आढळली आणि बाळाच्या वजनाला बसणारा फटका पहिल्या खेपेस सर्वाधिक, पुढील खेपांना कमी, असा उतरता क्रम मिळाला. गरोदरपणात शरीराची एकंदर प्रतिकारशक्ती ढिली पडते, हे प्रचलित स्पष्टीकरण या क्रमाला पुरे पडत नव्हते, कारण तसे असते तर पाचव्या खेपेसही तेवढाच त्रास व्हायला हवा होता. 1996 मध्ये केनियातील संशोधनावरून फ्रीड आणि डफी यांनी कारण दाखवले : वारेत एका विशिष्ट द्रव्याला चिकटून बसणारे परजीवी हे वेगळ्याच रूपाचे असतात, आणि वारच नसलेल्या शरीराने ते रूप कधी पाहिलेले नसते. पहिल्या बाळंतपणात त्याची ओळख होते, दुसऱ्यात ती उपयोगी पडते. म्हणजे ते शिक्षण पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू होते, एवढेच.

केनेबाच्या वहीचा उपयोग नंतर ज्यांनी केला त्यांत हिवतापाशी संबंध नसलेलेही पुष्कळ होते. रिबेका सिअर आणि रूथ मेस यांनी मॅकग्रेगर यांच्यासह 2000 साली त्याच नोंदी चाळून, आईची आई हयात असेल तर लहान मुलाच्या जगण्याची शक्यता वाढते, वडिलांच्या आईचा तसा परिणाम दिसत नाही, असे मांडले. आजोळाची महती आकड्यांनी सिद्ध व्हायला गांबियातले रक्ताचे थेंब मोजणारी वही कामी यावी, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

कंपाल्याच्या वादातली भीती पुढे प्रत्यक्षात कितपत उतरली, हे भारताच्या अनुभवावरून थोडेफार तपासता येते. डी. के. विश्वनाथन यांनी मुंबई प्रांताच्या कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत 1946 पासून डीडीटीची जी फवारणी केली, ती राष्ट्रीय मोहिमेचा आधार ठरली आणि 1961 पर्यंत देशातील नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उतरले. 1976 मध्ये ती संख्या 64 लाखांवर गेली. या उलटण्यामागे कीटकनाशकांना दाद न देणारे डास, औषधांना सरावलेले परजीवी आणि ढिली पडलेली यंत्रणा ही कारणे अधिक ठळक असली, तरी दोन दशके ताप न पाहिलेली पिढी रोगापुढे उघडी होती, हेही खरे. आफ्रिकेत उलट अनुभव आला. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गांबियातील कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांनी एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू 63 टक्क्यांनी घटवले, आणि अशा मुलांचे मरण फक्त पुढे ढकलले जाते का, हे पाहण्यासाठी पश्चिम आफ्रिकेत केलेल्या दीर्घ पाहणीत तसे काही आढळले नाही. बॅगस्टर विल्सन यांचा तर्क शास्त्रीय होता, पण मुले वाचवू नयेत इतका तो बळकट कधीच नव्हता.

लसीचे शास्त्र मात्र मॅकग्रेगर यांच्या प्रौढांच्या वाटेने गेले नाही. न्यूयॉर्कच्या रूथ नुसेनझ्वाइग यांनी 1967 मध्ये क्ष-किरणांनी निर्बल केलेले स्पोरोझॉइट, म्हणजे डासाच्या लाळेतून येणारे आणि यकृताकडे धावणारे रूप, उंदरांना टोचून त्यांना संरक्षण दिले, आणि पुढच्या लसी या पहिल्या पायरीलाच अडवण्यासाठी रचल्या गेल्या. त्यांतील आरटीएस,एस ही लस 1998 मध्ये गांबियातील प्रौढ पुरुषांवर आजमावली गेली, तेव्हा पहिल्या नऊ आठवड्यांत तिचे संरक्षण 71 टक्के होते, पण हंगाम संपता संपता ते जवळजवळ शून्यावर आले. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी तिची शिफारस 2021 मध्ये केली. तिच्याच धर्तीची, ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर 21 ही लस 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच यादीत आली. दोन्ही लसी रोगाला यकृतापाशी अडवतात. अडवणे फसले तर रक्तात शिरलेल्या परजीवीविरुद्ध त्यांच्यापाशी काही नसते. 1961 च्या प्रयोगाने दाखवलेली मेरोझॉइटला गाठण्याची घटका लसीच्या उपयोगी आणण्याचे प्रयत्न तेव्हापासून सुरू आहेत, आणि त्यात सध्या सर्वांत पुढे असलेली आरएच 5 नावाच्या प्रथिनावरील लस बुर्किना फासोतील मुलांवरच्या चाचणीत काही महिन्यांपुरती निम्म्याहून अधिक प्रभावी ठरली. हे प्रथिन निवडले गेले ते परजीवीला तांबड्या पेशीत शिरताना त्यावाचून चालत नाही आणि वाणागणिक ते फारसे बदलत नाही म्हणून. गावोगावी पावसाळ्यांमागून पावसाळे हिवताप सोसलेल्या प्रौढांच्या रक्तात त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड फारच थोडे सापडतात.